एका दिवाणाची दुरुस्ती

अनारसा हा पदार्थ माणसाला बेसावध करतो, असं माझं अनुभवाचं मत आहे. जिलबी खाताना माणूस निदान हात कुठे पुसायचे या काळजीत तरी असतो. अनारशाचं तसं नाही. तो नुसता तोंडात विरघळतो, आणि त्या क्षणी तुमच्याकडून कोणी काहीही कबूल करून घ्यावं. मी त्या क्षणी एक होडी कबूल केली. वास्तविक ती कोणी मागितलेली नव्हती. मीच आपण होऊन देऊ केली, आणि तीही चौथ्याच अनारशाला. अजून एकोणतीस शिल्लक होते.

तीन वर्षांनी येणाऱ्या अधिक महिन्यात सासूने जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे असतात. तेहतीसच का, या भानगडीत शहाण्या जावयाने पडू नये. माझ्या सासूबाई रत्नप्रभाबाई वेंगुर्ल्याच्या, वय वर्षं चौऱ्याहत्तर. सासरे गेल्यावर वेंगुर्ल्याचं बिऱ्हाड आवरून त्या एप्रिलपासून आमच्याकडे चेन्नईत, पोरूरला राहायला आल्या होत्या. तिकडे नागपूरला माझा मेहुणा पुष्कर तळमजल्यावरचा फ्लॅट शोधत होता. तो मिळाला, नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाचं तिकीट निघालं, आणि त्यानंतर आई कायमच्या नागपूरला जाणार हे ठरलं. नागपूर उत्तम शहर आहे. पण तिथून कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र फार लांब पडतो.

त्या रविवारी आईंचे थोरले भाऊ अशोकदादा यांचा नेहमीप्रमाणे व्हिडिओ कॉल आला. वय ऐंशी, पण आवाज खणखणीत. त्यांनी वडिलांच्या शिडाच्या होडीचा विषय काढला. खाडीत दोघे भाऊ शीड धरायला कसे शिकले, एकदा होडी कशी उलटता उलटता वाचली, वगैरे. आई कढईपाशी उभ्या राहून ऐकत होत्या. फोन बंद झाल्यावर मी अनारसा चावता चावता सहज विचारलं, की आई, तुम्हीही बसत असाल ना होडीत?

"नाही हो," आई म्हणाल्या. "मुलींना कोण बसवतंय? आम्ही काठावर. दादा अजून चिडवतो मला, तू काठावरची म्हणून. वाटायचं, एकदा आपणही बसावं आणि त्याला सांगावं. राहिलं ते." आणि त्यांनी पुढचा अनारसा तेलात सोडला.

तक्रारीचा सूर नव्हता, हेच वाईट झालं. तक्रार असती तर मी पेपर वाचायला घेतला असता. पण त्यांनी ते इतकं साधेपणाने सांगितलं की मी चौथा अनारसा घाईने गिळून टाकला. मी म्हणालो, "आई, नागपूरला जायच्या आधी मी तुम्हाला शिडाच्या होडीत बसवतो. होडी मी स्वतः करतो."

हे नक्की कोण बोललं ते बघायला नंदिता, म्हणजे माझी बायको, आतल्या खोलीतून बाहेर आली.

तिचं आश्चर्य रास्त होतं. मी इरुंगाट्टुकोट्टैला मोटारींच्या दरवाजांच्या बिजागऱ्या करणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. गेली बावीस वर्षं मी दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढतो, आणि त्याचा मला पगार मिळतो. स्वतः मी काहीही केलेलं नाही. घरात एकच खिळा माझ्या हातचा आहे. तो वाकडा आहे, आणि त्याच्याभोवती मीच लाल पेन्सिलीने गोल काढून ठेवलेला आहे. नंदिताने सुचवलं की समुद्रालगतच्या बॅकवॉटरवर पायडल मारायच्या होड्या मिळतात, त्यातनं एक फेरी मारून आणू. आई म्हणाल्या, ती सायकल झाली. त्यावर नंदिता माझ्याकडे ज्या नजरेने बघत राहिली, तशी नजर मी सप्लायरकडे टाकत असतो. ती आपल्यावर पडली की कसं वाटतं ते मला पहिल्यांदा कळलं, आणि त्या नजरेखातर तरी होडी झालीच पाहिजे असं मी ठरवून टाकलं.

इंटरनेटवरून मी आठ फुटी होडीचा नकाशा उतरवून घेतला. प्लायवूडच्या फळ्या कापायच्या, त्यांच्या कडांना भोकं पाडून तांब्याच्या तारेने कपडे शिवावेत तशा शिवायच्या, सांध्यांत इपॉक्सीचा गोंद भरायचा, की झाली होडी. नकाशाखाली लिहिलं होतं, 'दोन शनिवार-रविवारांचं काम'. माझ्याकडे सहा आठवडे होते. मी शीळ घालत अंघोळीला गेलो.

सकाळी आईंनी विचारलं, सुरुवात कधी करणार? मी म्हटलं, आजच. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग हळूच म्हणाल्या की अधिक महिन्यात नवीन काही सुरू करायचं नसतं, महिना सरू दे. महिना सरेपर्यंत थांबलं तर हातात उरत होते जेमतेम दोन आठवडे. मी वैतागून खाली पार्किंगमध्ये गेलो तर वरच्या मजल्यावरच्या श्रीदेवी मामी भेटल्या. त्यांना मी सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी गालाला हात लावला. आडी महिना चालू आहे, म्हणाल्या, आडीमध्ये कोणी नवीन काम काढतं का? आता बघा, आपलं पंचांग चंद्रावर चालतं, यांचं तमिळ पंचांग सूर्यावर. एरवी गुढीपाडवाही यांचा-आमचा एका दिवशी येत नाही. पण माझ्या होडीला अडवायचं म्हटल्याबरोबर दोन्ही पंचांगांचं तारखेपर्यंत एकमत झालं.

वाट आईंनीच काढली. "नवीन नको," त्या म्हणाल्या. "जुन्याची दुरुस्ती करायला काही हरकत नसते. तो तुमचा दिवाण मोडकाच आहे ना?"

दिवाण आमच्या लग्नातला. त्याचा खण नऊ वर्षं उघडला नव्हता आणि आत काय आहे हे दोघांनाही आठवत नव्हतं. दिवाणाची एक फळी होडीत पहिली बसवायची, बाकीची होडी तिच्याभोवती करायची, म्हणजे ती होडी नव्हे, दिवाणाचीच दुरुस्ती. मला हे मनापासून पटलं. कारखान्यात आम्ही याहून नाजूक भानगडी याच शब्दाखाली मिटवलेल्या आहेत. (खणात नंदिताच्या ऑफिसातल्या पहिल्या दिवाळीची भेट निघाली: न वापरलेलं सँडविच टोस्टर. त्यावरून जे बोलणं झालं ते या कथेचा भाग नाही.)

सोसायटीच्या नियमांशीही ते अचानक जुळून आलं. पार्किंगमध्ये बांधकामाला बंदी, पण फर्निचरच्या दुरुस्तीला फॉर्म भरून तीन दिवसांची परवानगी, मुदत वाढवून मिळण्यासारखी. सेक्रेटरी होते मामींचे यजमान मालोजी राव. बँकेतून निवृत्त झालेले, तंजावूरचे मराठी. तीनशे वर्षांपूर्वी यांचे पूर्वज राजाबरोबर खाली आले, आणि येताना जी मराठी घेऊन आले तीच हे अजून काटकसरीने वापरतात, अध्येमध्ये तमिळ मिसळून. त्यांच्याशी बोलताना मला नेहमी आपण दरबारात उभे आहोत आणि आपले जोडे मळलेले आहेत असं वाटतं. त्यांनी फॉर्म दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला आणि सही केली. मी माझी गाडी रस्त्यावर लावली आणि गाडीच्या जागी दिवाण आणून ठेवला.

सुताराचं काम करायला आरुमुगम आला. तीस वर्षं पलंग, दारं आणि देवघरं करणारा माणूस. हात सोन्याचे. अडचण भाषेची होती. माझी तमिळ कारखान्यात शिकलेली, त्यामुळे मला 'चालणार नाही', 'तडा आहे' आणि 'परत पाठवा' एवढं उत्तम बोलता येतं. या तीन वाक्यांत होडी समजावून सांगणं अवघड असतं. तरी मी नकाशा दाखवला, फळ्या कापून घेतल्या, आणि एका शनिवारी दिवसभर खपून दोन बाजूंच्या फळ्या वाकवून, तारेने शिवून, पुढे निमुळत्या आणल्या. बोटांची चाळण झाली. पण रात्री जेवताना आईंनी माझ्या पानात आग्रहाने आणखी दोन अनारसे वाढले आणि नंदिताने स्वतःहून बोटांना हळद लावली.

सोमवारी मी कामावरून आलो तर होडी सपाट होती. आरुमुगमने सकाळी येऊन बघितलं, तर प्लाय वाकलेलं. दमट हवेने फळ्या फुगल्या, सारांचं म्हणजे माझं नुकसान होणार, म्हणून त्या भल्या माणसाने सगळ्या तारा कापून काढल्या आणि फळ्या जमिनीवर ठेवून त्यांवर दगड रचले. वर माझी वाट बघत थांबून राहिला, शाबासकी घ्यायला. सरळ फळी वाकडी करणं हे त्याच्या लेखी पाप होतं. मला फार रागवायचं होतं, पण माझ्याजवळच्या तिन्ही वाक्यांपैकी एकही लागू पडत नव्हतं.

पुन्हा शिवली. मग शेजाऱ्यांचा सल्ला सुरू झाला. ओरगडमच्या कार कंपनीतला एकजण म्हणाला, प्लाय कशाला, फायबर करा. दुसरा म्हणाला, मोटर बसवा. तिसऱ्याने सौर पॅनेलचा फोटो पाठवला. मामी रोज वरून खाली येऊन आईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसायच्या. आईंनी त्यांना अनारसा दिला, तर त्या म्हणाल्या, हे तर आमचं अधिरसम. त्यानंतर आठवडाभर त्या दोघींमध्ये अनारसा आधी की अधिरसम आधी, हा वाद चालला होता. एकीला तमिळ येत नव्हती, दुसरीला मराठी तुटपुंजी, त्यामुळे वाद फार गोडीने चालला.

मालोजी राव मात्र रोज संध्याकाळी काठी टेकत येऊन माझ्या दिवाणाला एक प्रदक्षिणा घालत. पहिल्या आठवड्याच्या शेवटी ते पुढच्या टोकापाशी थांबले.

"संजीवराव, दिवाणास चोंच कां?"

मी म्हटलं, उशाकडची बाजू आहे. त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा मुदत वाढवून दिली.

इपॉक्सीच्या दिवशी माझी शान गेली ती गेलीच. डब्यावर लिहिलं होतं की थोडं थोडं मिसळा. पण ते लिहिणारा माणूस थंड देशातला असणार, आणि मला सगळं काम एकसारखं हवं होतं, म्हणून मी अख्खा डबा बादलीत ओतून ढवळला. चेन्नईच्या जुलैमध्ये दुपारी दोन वाजता. पाचव्या मिनिटाला बादली गरम लागली, सातव्या मिनिटाला तिच्यातून धूर निघाला, आणि दहाव्या मिनिटाला आत दगड झाला होता, माझा ब्रश त्यात उभा. वॉचमनने वाळूची बादली आणली. कोणीतरी ग्रुपवर 'पार्किंगमध्ये आग' असं टाकलं आणि तिसऱ्या मजल्यावरचे लोक कागदपत्रांच्या पिशव्या घेऊन खाली आले. त्या सगळ्यांच्या समोर मी उभा होतो, हातमोजे घातलेला, अंगावर कारखान्याचा 'आधी सुरक्षितता' असं लिहिलेला टी-शर्ट. नंदिता त्यांना सिरुसेरीच्या तिच्या कंपनीत क्लायंटला समजावतात तशा स्वरात समजावत होती. घरी आल्यावर ती हसत सुटली ती पाणी पिऊनही थांबेना.

मी दुसरा डबा आणला आणि वाटी वाटी मिसळून लावला. एक थर लागला. मला त्यात टाचणीएवढं भोक दिसलं, म्हणून दुसरा लावला. दुसऱ्यात बुडबुडा दिसला, म्हणून तिसरा. स्वतःच्या कामात खोट काढायची वेळ आली तेव्हा बावीस वर्षांची सवय माझ्या अंगावर उलटली. तिकडे आरुमुगमला उघडं प्लाय बघवेना. मी ऑफिसात असताना त्याने आतून सगळीकडे सागवानी रंगाचा सनमायका मारला, कडांना पट्ट्या ठोकल्या, आणि बसायच्या फळीखाली एक छोटा खण केला, किल्लीसकट. काम इतकं सुबक होतं की काढ म्हणायची हिंमत झाली नाही.

शिडाला कापड बघत होतो, तेव्हा त्यानेच घरून फ्लेक्सचा बॅनर आणला. त्याच्या नातीचे कान टोचले होते, त्या समारंभाचा. मधोमध काळा चष्मा घातलेली नात, आणि कडेने चार ओळींत सगळे काका, मामा, आत्या, प्रत्येकाचा पासपोर्ट साइझ फोटो. फ्लेक्स मजबूत, पाणी शोषत नाही, फुकट. डोलकाठीला बांधकामावरचा सुरूचा वासा मिळाला.

परवानगीचा प्रश्न उरला होता. मी रीतसर माणूस आहे, म्हणून रजा काढून एका कार्यालयात गेलो. त्यांनी इंजिन नंबर विचारला. इंजिन नाही म्हटल्यावर 'इंजिन नसल्याचं कारण' हा रकाना भरायला लावला, आणि मग तुम्ही मच्छीमार नाही म्हणून दुसरीकडे पाठवलं. दुसरीकडे म्हणाले, एवढी लहान होडी आमच्यात मोजत नाहीत. तिसरीकडे म्हणाले, पाणी आमचं आहे, होडी आमची नाही. चौथ्या टेबलावर केस पिकलेल्या एक बाई होत्या. त्यांनी होडी कोणासाठी म्हणून विचारलं. मी माझ्या तमिळमध्ये सांगितलं की सासूबाईंसाठी, त्या लहानपणी काठावर राहिल्या. काय समजलं कोण जाणे, पण त्या माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी अर्जावर एक भला मोठा गोल शिक्का मारला. शिक्क्यावर फक्त 'मिळाला' एवढाच शब्द होता. पण तो इतका मोठा आणि इतका जांभळा होता की पुढे तो कागद ज्याला ज्याला दाखवला त्याने मला सलाम केला.

गळती तपासायची राहिली होती. आमच्याकडे बिजागऱ्यांना मिठाच्या पाण्याचा फवारा देतात. होडी मी आतून पाण्याने भरली, म्हणजे पाणी बाहेर झिरपतं का ते दिसेल. सकाळी नळी लावली आणि चहा प्यायला वर गेलो. सोसायटीला आठवड्यात तीन टँकर येतात आणि प्रत्येक बादलीवर लोकांचा डोळा असतो, हे मला त्या क्षणी आठवलं नाही. खाली येईपर्यंत ग्रुपवर बत्तीस मेसेज होते. त्यांतले सहा नुसतेच लाल तोंडाचे. मग ज्याचं त्याचं पाणी ज्याला त्याला परत, या तत्त्वावर लोक बादल्या घेऊन रांगेत उभे राहिले आणि माझ्या होडीतून पाणी भरून वर गेले. होडी एक थेंबही गळली नव्हती. पण कोणी अभिनंदन केलं नाही. मालोजी राव शेवटची बादली जाईपर्यंत थांबले होते.

"दिवाणांत पाणी कां?"

मी मान खाली घातली. तेव्हा ते जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "होडी म्हणून लिहिलें असतें तर मला नकार देणें भाग होतें. दिवाण लिहिलें, बरें केलें. केव्हां नेणार? आम्ही दोघेंही येऊं."

नारळी पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी निघायचं ठरलं. गुरुवारी आईंची गाडी होती. एव्हाना त्यांची बॅग भरून दारापाशी आली होती, आणि येता-जाता ती पायात आली की मला धडकी भरायची. आई फक्त संध्याकाळी खाली येऊन होडीच्या कडेवरून हात फिरवत, सनमायकावर धूळ बसली असेल तर पदराने पुसत.

होडी उचलायला चार माणसं पुरतील असा अंदाज होता. नकाशाप्रमाणे तिचं वजन तीस किलो. आठ जणांनी ती कशीबशी टेम्पोवर चढवली. या टेम्पोला इथे कुट्टी यानै म्हणजे हत्तीचं पिल्लू म्हणतात, आणि ते पिल्लूही मागे बसलं. खरं वजन किती झालं ते मी काढलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मला एखादा आकडा नको होता.

मी मात्र धोक्यांची यादी करून ठेवली होती. आम्ही कामावर करतो तशी, रकाने आखून. पाण्याची खोली: कंबरेपर्यंत, जास्तीत जास्त छातीपर्यंत, आदल्या रविवारी स्वतः चालून बघितलेली. लाइफ जॅकेट: दोन. वारा: श्रावणात समुद्राकडून जमिनीकडे, होडी आपोआप काठाला लागेल, धोका नगण्य. वाऱ्याचं आईंना विचारूनच लिहिलं होतं. वेंगुर्ल्याला श्रावणात वारा समुद्रावरूनच येतो, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. मीही अलिबाग-मुरुडला तेच पाहिलं होतं. समुद्र इथे पूर्वेला आहे हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. पण वारा तोच, पश्चिमेचाच असतो, आणि इथे तो जमिनीकडून समुद्राकडे जातो, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात शिरलं नव्हतं.

बॅकवॉटरच्या पश्चिम काठावर सकाळी सात वाजता आम्ही सगळे उभे होतो. आरुमुगमने भोपळ्यावर कापूर लावून ओवाळला. मामींनी लिंबू आणलं होतं, पण ते चाकाखाली ठेवायचं असतं आणि चाक नव्हतं, म्हणून ते आरुमुगमच्या खणात ठेवलं. आईंनी नारळ वाढवला. पाचवारी साडी, वर नारिंगी लाइफ जॅकेट, गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत फोन. त्या पाण्यात उतरल्या आणि कोणाचा हात न धरता होडीत जाऊन बसल्या. होडी तरंगली. मी नंदिताकडे बघितलं. तिने दोन्ही हात जोडून मला नमस्कार केला, आणि त्यात अर्धीच थट्टा होती.

मग मी चढलो. माझं वजन शहाऐंशी. होडीची कड पाण्याच्या वर एक वीत होती, ती चार बोटं झाली, मग तीन, मग दोन. आई म्हणाल्या, संजीवराव, हे बरोबर नाही. मी अत्यंत सावकाश उठलो आणि उतरलो. उतरताना पायाने होडीला जरा धक्का बसला, आणि दोर कोणी धरायचा हे माझ्या यादीत नव्हतं.

फ्लेक्स फडफडला, एकदम ताठ झाला, आणि आरुमुगमची नात सगळ्या नातेवाइकांसह पूर्वेकडे निघाली. खाली आई.

मी ओरडत पाण्यातून धावलो. छातीभर पाण्यात धावणं म्हणजे जागच्या जागी दमणं. आई, शीड सोडा. आई, सुकाणू धरा. आई, उभ्या राहू नका. काठावरून मामी देवांची नावं घेत होत्या. मला खरंच भीती वाटली. पलीकडे वाळूचा बांध आहे हे माहीत होतं, पण त्याच्या पलीकडे समुद्र आहे हेही माहीत होतं, आणि पुष्करला फोनवर काय सांगायचं याची वाक्यं माझ्या डोक्यात आपोआप जुळायला लागली होती. आईंनी एकदाही मागे वळून बघितलं नाही. त्यांच्या एका हातात शिडाचा दोर होता आणि दुसरा सुकाणूवर. अर्ध्या पाण्यात गेल्यावर होडी थोडी डावीकडे वळली, मग थोडी उजवीकडे, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती आपोआप वळत नाहीये.

वाळूच्या बांधाला होडी अलगद टेकली. मी पंधरा मिनिटांनी पोहोचलो. एक चप्पल गेली होती, चष्म्यावर चिखल होता. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण दम लागल्याने नुसताच आवाज निघाला. आई होडीत ताठ बसल्या होत्या. केस सुटले होते आणि चेहरा असा झाला होता की मी त्यांना ओळखायला क्षणभर चुकलो.

"आता परत," त्या म्हणाल्या. "तुम्ही बसू नका. तुम्ही बसलात की ही खाली जाते. तुम्ही चला."

वाऱ्याच्या विरुद्ध होडी नेणं माझ्या बापजन्मात शक्य नव्हतं, म्हणून मी दोर खांद्यावर घेतला आणि कंबरभर पाण्यातून ओढत निघालो. आईंनी शीड उतरवू दिलं नाही. दोर सैल सोडून त्यांनी ते नुसतं फडफडत ठेवलं. निम्म्या वाटेत त्या म्हणाल्या, थांबा जरा. मी थांबलो. त्यांनी पिशवीतला फोन काढला, केस सारखे केले आणि मला हाताने खूण केली, खाली व्हा. मी गुडघे वाकवले. अजून खाली. मी हनुवटीपर्यंत पाण्यात बसलो.

"दादा, दिसतंय का?" आई म्हणाल्या. "शीड दिसतंय? बघ, होडीतनं बोलत्येय."

फोनमधून अशोकदादांचा आवाज आला. "कोण नेतंय तुला?"

"कोणी नाही. एकटी आहे."

मग तो म्हातारा संशयी आवाज म्हणाला, "फिरव बघू फोन सगळीकडे."

आईंनी माझ्याकडे बघितलं. मी चष्मा काढून मुठीत धरला, मोठा श्वास घेतला आणि पाण्याखाली गेलो.

वर आलो तेव्हा फोन परत पिशवीत गेला होता. आई पदराने डोळे पुसत होत्या, आणि हसतही होत्या. मी विचारलं, काय म्हणाले दादा?

"विचारत होता, मला बसवशील का म्हणून."

"मग?"

"बघू म्हटलं." त्यांनी दोर पुन्हा हातात घेतला, सुकाणू सरळ केलं आणि समोर काठाकडे बघितलं. तो आता फार लांब नव्हता. "चला, संजीवराव," त्या म्हणाल्या. "पण सावकाश चला."

मी जमेल तितका सावकाश चाललो.